दुसऱ्यांची मतं आणि माझे अठ्ठावीसशे

मी एका सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासतो. साडेतीन रुपयांचा फरक सापडल्याशिवाय घरी न जाणारा माणूस, अशी तिथे माझी ख्याती आहे. अशा माणसाला २०२३ च्या दिवाळीत एका विशी-बाविशीतल्या पोरानं दोन हप्त्यांत २,८०० रुपयांची टोपी घातली. रक्कम मोठी नाही. "फटाक्यांत गेले समज," असं म्हणून बायकोनं विषय मिटवलाही. पण ज्या रीतीनं ते गेले ती रीत अजून चालू आहे, आणि त्यात माझाही हातभार लागतोय हे मला नंतर कळलं. तो भाग शेवटी सांगतो.

निमित्त होतं एका व्हिडिओ गेमचं, सायबरपंक २०७७. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नाइट सिटी नावाचं भविष्यातलं शहर, आपण त्यातले व्ही, पैशासाठी कुणाचीही कामं करणारे. एक चोरी फसते, एक चिप डोक्यात बसते आणि जॉनी सिल्व्हरहँड नावाचा कधीच मेलेला रॉकस्टार आपल्या मेंदूत पोटभाडेकरू म्हणून राहायला येतो. त्याला चेहरा आणि आवाज हॉलिवूड नट किआनू रीव्हजचा. गेमच्या कथेप्रमाणे हा जॉनी २०२३ साली मरतो. माझीही त्याच साली गेली, फक्त अब्रू.

हा गेम मी तीन वर्षं घेतला नव्हता, आणि न घेण्यातही माझा अभ्यास होता. तीनदा तारीख पुढे ढकलून तो १० डिसेंबर २०२० ला आला. आल्या आल्या प्लेस्टेशन ४ या सोनीच्या गेम खेळायच्या मशीनवाल्यांनी जी बोंब मारली ती मी रात्री-रात्री जागून वाचली आहे. गाडी आधी येणार, तिचं रूप नंतर उमटणार. माणसं दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखी उभी. गुन्हा केला की पोलीस पाठीमागे हवेतून उगवणार. आणि हे सगळं सहन करून खेळत राहिलं तर मध्येच निळा पडदा येऊन गेम बंद. आधी ज्या समीक्षकांनी वाहवा केली होती त्यांना फक्त कॉम्प्युटरवरची प्रत मिळाली होती, हे लोकांना मागाहून उमगलं. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. माझ्याकडे २०१८ मध्ये घेतलेलं प्लेस्टेशन ४ स्लिम. मी म्हटलं, थांबू. पुणेकराला थांबायची सवय असते, रिक्षापासून मेट्रोपर्यंत.

मग २१ सप्टेंबर २०२३ ला २.० हा अपडेट आला आणि पाच दिवसांनी फँटम लिबर्टी नावाची नवीन पुरवणी. मतांचा वारा एकदम फिरला. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तेच लोक पहिल्यापासून पुन्हा खेळायला बसले. कौशल्यांची झाडं, म्हणजे कुठल्या कौशल्यानंतर कुठलं मिळतं ते फाटे, नव्यानं रचली आहेत, पोलीस आता खरोखर पाठलाग करतात, चालत्या गाडीतून लढता येतं, संरक्षण कपड्यांऐवजी शरीरात बसवलेल्या यंत्रांतून मिळतं. तक्रारी होत्याच. सुरुवातीला आपण भटक्या, गल्लीतलं पोर की कंपनीचा माणूस हे निवडायचं, पण ती निवड पहिल्या अर्ध्या तासानंतर संवादातल्या चार-दोन ओळींपुरती उरते, ही सगळ्यांची तक्रार आणि ती खरी आहे. दुसरी मला जास्त पटली: आपण थोड्याच दिवसांचे सोबती आहोत असं कथा बजावत असते आणि आपण आरामात कुणाची तरी हरवलेली गाडी शोधत हिंडतो. पण गेममधली ज्यूडी, पनाम ही माणसं विसरता येत नाहीत, यावर मात्र एकमत.

हे सगळं मी वाचलं, ताडून पाहिलं, मनात ताळेबंद मांडला. एक प्रश्न तेवढा विचारला नाही: ही माणसं खेळतायत कुठल्या मशीनवर? तो विचारला असता तर हा लेख झाला नसता. २.० आणि फँटम लिबर्टी ही दोन्ही तेव्हा प्लेस्टेशन ५, नवीन एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटर यांच्यासाठीच होती. प्लेस्टेशन ४ ची गाडी १.६ या आवृत्तीच्या घरात थांबली. गेम बनवणाऱ्या कंपनीनं हे वर्षभर आधी, सप्टेंबर २०२२ मध्येच, जाहीर केलं होतं. पण जाहिरातीतली बारीक अक्षरं इतरांना वाचायला लावणारा मी, स्वतःच्या वेळी मोठ्या अक्षरांवरच थांबलो.

पोरगा सापडला टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवर. "प्लेस्टेशनचे सगळे गेम, प्रायमरी, लाइफटाइम, पुणे." प्रायमरीचा अर्थ असा: गेम ज्याच्या खात्यावर विकत घेतलाय ते खातं तुमच्या मशीनवर प्रायमरी म्हणून चालू करायचं, मग तुम्ही स्वतःच्या प्रोफाइलवरून तो गेम खेळू शकता. चॅनेलवर फक्त तोच लिहू शकत होता. बाकीच्यांची मतं म्हणजे त्यानं टाकलेले स्क्रीनशॉट. "भाऊ एक नंबर", "रात्रभर खेळतोय", "ट्रस्टेड माणूस". शिवाय परदेशी खेळाडूंनी २.० ची केलेली स्तुती. ती सगळी खरी होती, मी आधीच वाचलेली होती, म्हणून तर ओळख पटली.

मी लिहिलं की माझ्याकडे प्लेस्टेशन ४ आहे. उत्तर आलं, "चालतं दादा, हा बघा पुरावा." खात्याच्या लायब्ररीचा फोटो होता. सायबरपंक २०७७ आणि शेजारी फँटम लिबर्टी, दोन्ही. फोटो अस्सल होता हे आजही मानतो. खात्यावर पुरवणी होतीच, माझ्या मशीनवर ती कधीच उतरणार नव्हती एवढंच.

न भेटता पैसे देणार नाही, असं मी ठणकावलं. तो लगेच तयार. वसुबारसेच्या संध्याकाळी गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनखाली आलो, तर पोरगा आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, "सिंहगड रोडला राहतो दादा, आपण पुण्यातलेच." अमृततुल्यात चहा घेतला. मी पाकीट काढलं तर माझा हात धरला, "नाही हां दादा, तुम्ही मोठे." त्यानं माझे चहाचे बारा रुपये दिले आणि मी त्याला सोळाशे. तिथेच, उभ्या उभ्या, यूपीआयनं. नावाच्या जागी कुठल्यातरी मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं, तेही मला खटकलं नाही. "काकांचं दुकान आहे." बरं.

खातं तुर्की भाषेत उघडलं. दुकानातल्या किमती लिरामध्ये. तिकडे गेम स्वस्त मिळायचे म्हणून अशी खाती काढतात, असं तो म्हणाला आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. गेम उतरायला दोन रात्री गेल्या. शनिवारी रात्री, घरातले उद्याच्या उटण्याची तयारी करून झोपल्यावर, मी नाइट सिटीत पाऊल ठेवलं. मशीनचा पंखा चटणी वाटणाऱ्या मिक्सरसारखा घुरघुरत होता, पण गेम चालला. पावसात भिजलेले रस्ते, खांबाखांबावर जाहिराती, खिडकीतून कुणाचं तरी भांडण. रात्री दोनला मी त्या पोराला लिहिलं, "भारी चाललाय रे! मनापासून आभार. शुभ दीपावली." हा मेसेज लक्षात ठेवा.

पाडव्याला जरा निवांत बसलो आणि डोळा अडकला तो एका जॅकेटवर. दुकानातलं जॅकेट, त्याखाली संरक्षणाचा आकडा. पुढची पँट, तिच्याखालीही आकडा. मी वाचलं होतं की २.० मध्ये हे आकडे कपड्यांवरून काढून टाकलेत. मग हे इथे कसे? कौशल्यांची झाडंही जुनीच. गेमच्या चिन्हावर ऑप्शन्सचं बटण दाबून माहिती पाहिली. आवृत्ती एकनं सुरू होत होती, दोन कुठेच नाही.

त्याला विचारलं. आता मी 'दादा'चा 'सर' झालो होतो. "सर, एक्सपान्शन वेगळा अनलॉक करावा लागतो, त्याच्यासोबत २.० येतो. तुर्की अकाउंट आहे ना, त्याच्यावर टॅक्स पडतो. बाराशे." टॅक्स हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो, धंद्याचीच सवय. लक्ष्मीपूजनाला पूजलेल्या फोनवरून मी बाराशे पाठवले. पावती मागितली नाही. ऑफिसात एखाद्या क्लायंटनं असं केलं असतं तर मी त्याला तासभर सुनावलं असतं.

भाऊबीजेला ताईकडे कर्वेनगरला गेलो. भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याला कौतुकानं सांगायला गेलो. तो हातातली करंजी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "मामा, तू पीएस फोरवर टू पॉइंट ओ विकत घेतलास?"

"अनलॉक होतंय म्हणाला."

"अरे, ते निघालंच नाहीये तुझ्या मशीनसाठी. मला एक फोन करायचास ना."

मग त्यानं खात्याची मेख समजावली, ती मात्र सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. खातं ज्याचं आहे तो घरबसल्या, वेबसाइटवरून, एका फटक्यात सगळी मशीन निष्क्रिय करू शकतो. सोनी ही सोय सहा महिन्यांतून एकदा देते, पण असल्या माणसाला एकदाच पुरे, कारण त्यानंतर तो तेच खातं पुढच्याला विकायला मोकळा. आणि खाती विकणं कंपनीच्या नियमांतच बसत नसल्यामुळे तुम्ही कस्टमर केअरला फोन करून सांगणार तरी काय? तुमचं तिथे काही नसतंच. बारा रुपयांच्या चहावर भाडेकरार केलेला असतो, तोही तोंडी. जॉनी निदान व्हीच्या डोक्यात हक्कानं बसतो.

त्याच संध्याकाळी मी पोराला जरा चढ्या आवाजात लिहिलं. उत्तर आलं, "काका, तुमचं मशीनच जुनं आहे, त्याला मी काय करू." दादा, सर, काका: पाच-सहा दिवसांत एवढं वय वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेमच्या चिन्हाशेजारी छोटं कुलूप दिसायला लागलं. दाबलं की दुकान उघडायचं आणि गेम विकत घ्या म्हणायचं. मी चॅनेलबाहेर, नंबर ब्लॉक. सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी, मात्र माझ्या प्रोफाइलवर तसेच होते, घर गेलं पण किल्ल्या खिशात.

भाच्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरून घेतली. ही गोष्ट मी तीन दिवस उशिरा केली असती, लाजेपोटी. व्यवहाराचा यूपीआय क्रमांक, तारीख, वेळ आणि संवादाचे स्क्रीनशॉट लागतात, तेव्हा रागाच्या भरात चॅट उडवू नका. मी अर्धं उडवलं होतं. पैसे आपण स्वतः पिन टाकून दिलेले असले की नुसतं बँकेला सांगून ते लगेच परत येत नाहीत. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून नाहीत.

माझ्या हातात राहिलेल्या स्क्रीनशॉटमध्ये चॅनेलवरची ती जुनी मतंही होती. ऑडिटची नजर तेव्हा कुठे जागी झाली. बारापैकी नऊ चित्रांच्या कोपऱ्यात बॅटरी ४१ टक्के, वेळ रात्री ११ वाजून चार ते नऊ मिनिटं. एकाच बैठकीत, एकाच फोनवर काढलेली. म्हटलं, सगळी बनावट, स्वतःच लिहिली असणार. तसं मी चार ओळखीच्यांना छातीठोकपणे सांगितलंही.

नाताळच्या सुमाराला भाच्याचा मेसेज आला. तो स्वतःच्या नंबरवरून त्या चॅनेलमध्ये शिरला होता. आता तिथे "फँटम लिबर्टीसह, पीएस फोर चालतं" अशी नवी पाटी होती आणि खाली ताजी मतं. तिसरं मत असं होतं: "भारी चाललाय रे! मनापासून आभार. शुभ दीपावली." रात्री २ वाजून ६ मिनिटं. नाव खोडलेलं, पण उद्गारचिन्ह माझं.

म्हणजे ती नऊही बनावट नव्हती. ती पहिल्या रात्रीची होती.

तो स्क्रीनशॉट तुमच्यापर्यंत आला असेल तर तो माणूस मी आहे. त्या रात्री मी खरंच खूश होतो.