डायक्लोफेनॅकची पट्टी: चिकटली तेवढीच लागू

बेळगावात मेडिकलवर ‘दुखण्यावरची पट्टी द्या’ म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू पुढे येतात. एक मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटची, उग्र वासाची, लावताक्षणी गार वाटणारी. दुसरी डायक्लोफेनॅकची, म्हणजे सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या औषधाची. तिचा परिणाम जाणवायला काही तास जातात, म्हणून पुष्कळजण दुपारीच ती काढून टाकतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. आमचं मत उलट आहे. मुरगळलेला घोटा, सुजलेला गुडघा, कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, म्हणजे जिथे सांधा किंवा स्नायू कातडीच्या जवळ आहे, तिथे ही पट्टी उत्तम चालते. कंबरेतून पायात उतरणारी कळ शिरेच्या दाबाची असते. तिथे हिच्यावर पैसे घालू नयेत.

ती १०० आणि २०० मिलिग्रॅममध्ये मिळते आणि साधारण २४ तास ठेवायची असते. २०० ची आकाराने मोठी, गुडघ्याला किंवा खांद्याला बरी. कोपराला, मनगटाला १०० पुरते. गोळीच्या मानाने महाग, पण पोटाला त्रास कमी, कारण रक्तात उतरणारं औषध बरंच कमी असतं. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मात्र ध्यानात हवं.

खरी गोम चिकटवण्यात आहे. औषध त्या चिकट थरातच मिसळलेलं असतं, त्यामुळे कोपरा उचलला की तेवढा डोस गेला. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांची पट्टी घामाने सुटते, खानापूरकडे रोप लावणीत ओल्या अंगाने. अंगाला खोबरेल लावायची सवय असेल तर ती मुळातच धरत नाही. जागा साबणाने धुवा, कोरडी पुसा. गरम पाण्याने आंघोळ झाली असेल तर अंग निवेपर्यंत थांबा. केस दाट असतील तर कात्रीने कापा. लगेच वस्तरा फिरवलेल्या कातडीवर आग होते. मागचा कागद आधी अर्धाच सोला, तो भाग बसवा, मग उरलेला ओढत हाताने सपाट करत जा. शेवटी तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. गुडघ्याला लावताना पाय थोडा वाकवलेला हवा. सरळ पायावर लावलेली पट्टी पहिल्यांदा उकिडवं बसताच कडेने उकलते. कडांना कागदी मेडिकल टेप लावली तरी चालते. डोस अर्धा करायला पट्टी कापू नका.

वर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक नको, चुलीच्या धगीसमोरही फार वेळ बसू नये. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. मेन्थॉल-सॅलिसिलेटच्या पट्टीवर शेक दिला तर कातडी भाजल्याचीही उदाहरणं आहेत. त्याच जागी जेल चोळायचं नाही, आणि सोबत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. किटोप्रोफेनची (डायक्लोफेनॅकच्याच जातीतलं दुसरं औषध) पट्टी मिळाली असेल तर ती जागा उन्हापासून झाकून ठेवा, काढल्यावरही दोन आठवडे. उसाच्या फडात, शेतात काम करणाऱ्यांनी ही सोडूनच द्यावी. ऊन लागलं की फोड येतात.

ॲस्पिरिनने दमा उठणारे, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅकची पट्टी लावू नये. जखमेवर, खरचटलेल्या जागी, इसबावर तर नाहीच. खाज सुटून लाल चट्टा उठला तर लगेच काढा. रोज नेमकी तीच जागा न धरता जरा सरकवून लावली की कातडी टिकते. मुरगळ आठवडाभरात उतरली नाही तर एक्स-रे काढून घ्यावा, आणखी पट्ट्या घेत बसू नये.

काढताना कड कोमट पाण्याने भिजवा आणि केसांच्या दिशेने हळू सोला. वापरलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घडी घालून, पोरांच्या आणि कुत्र्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाका.