‘फळगुणवत्ता किट’च्या नावाखाली 47,750 रुपयांना चुना : डाळिंबवाल्यांनो, वाचा

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या डाळिंबवाल्यांनी हे वाचावं आणि पुढं पाठवावं. माझं नाव टाकत नाही, गावात आधीच पुरेसं हसं झालंय. आकडे मात्र पैशापर्यंत देतो. डाळिंबाला सोडायच्या खतांचं तीन एकरांचं किट एकरी 14,800 प्रमाणे 44,400, ‘खरेदी नोंदणी’ 2,500, गाडीभाडं 850. एकूण 47,750 रुपये. बागेचं नुकसान यात धरलेलं नाही.

प्रकार तुमच्या ओळखीचाच. मोफत माती परीक्षणाचा बॅनर लावलेली जीप, कंपनीचे टी-शर्ट घातलेली दोन पोरं, मारुतीच्या देवळात मीटिंग, चहा-बिस्किटं आणि मोबाइलवर कुठल्याशा ‘प्रगतशील शेतकऱ्या’चा व्हिडिओ. पुढचं तुम्हीच सांगाल. पण मी काही काल बाग लावलेला माणूस नाही. गणेश जात काढून भगवा जात लावली, तेल्या रोग सोसला, मर रोगात अर्धा प्लॉट उपटून टाकला. हस्त बहार धरलेला, फळं लिंबाच्या पुढं सरकून पेरूएवढी होत आलेली, आणि शेजारच्या बागेत तडकायला सुरुवात झालेली. अशा वेळी ‘फळ तडकणार नाही, 300 ग्रॅमच्या वर भरेल, नाहीतर पैसे परत’ असं कोणी लेखी देत असेल, तर त्याला चहा न पाजणारा एक तरी डाळिंबवाला मला दाखवा.

सगळ्यात जास्त चीड येते ती त्या माती रिपोर्टची. माझं रान दोन तऱ्हेचं आहे. वरचा तुकडा मुरमाड माळ, खालचा ओढ्याकडचा काळा. पोरांनी ड्रिपरच्या अगदी बुडाशी खुरप्यानं वरवरची माती खरवडली आणि कॅरीबॅगेत भरली. बागेचा नमुना असा घेत नाहीत. जिथं खत पडतं, क्षार साचतात ती जागा टाळतात, खड्डा घेऊन वेगवेगळ्या खोलीची माती काढतात. मग रंगीत रिपोर्ट आला. दोन्ही तुकड्यांचा सामू, म्हणजे पीएच, 8.1. दोन्हीकडं उपलब्ध पालाश, म्हणजे पोटॅश, ‘अत्यंत कमी’. माळाचा आणि ओढ्याकडचा आकडा एकच! आणि तोही पालाशचा! आपल्या काळ्या रानात पालाश सहसा भरपूरच निघतं. आपलं खरं दुखणं चुनखडीचं, तिच्यामुळं लोह आणि जस्त जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. माझं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्ड ट्रंकेत होतं, त्यावर पालाश ‘भरपूर’. मी ते काढून बाजेवर रिपोर्टाशेजारी ठेवलंसुद्धा. पोरगं हसून म्हणालं, “काका, हे कार्ड जुनं झालं. दरवर्षी बहार घेता, पोटॅश उपसलं गेलंय सगळं.” आता पीक पालाश उचलतं हे कोण नाकारणार? यांचं असंच आहे, पहिलं वाक्य खरं बोलायचं आणि दुसऱ्यात खिसा कापायचा. तिथंच दोन्ही कागद त्याच्या तोंडावर मारायला हवे होते. ते बाजेवर पडलेले कागद अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पैसे कंपनीच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या मोबाइल नंबरवर मागितले. म्हणे जीएसटीचं पोर्टल बंद आहे, पक्कं बिल नंतर. हातात दिला तो ऑर्डर फॉर्म. पक्कं बिल नाही तर माल नाही, एवढं एक वाक्य दारावर लिहून ठेवा.

किट आलं. पालाशच्या म्हणून 25 किलोच्या गोण्या, कॅल्शियम-बोरॉनची पाकिटं, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि काळ्या टॉनिकचे कॅन. पहिल्याच दिवशी बादलीत 0:0:50, म्हणजे 50 टक्के पालाशचं खत, म्हणून दिलेली पावडर कालवली. ढवळून ढवळून हात दुखले, तरी तळाला बोटभर पांढरा गाळ. मंडळी म्हणाल्या, “अहो, आपलं नेहमीचं खत असं बसतं का?” नाही बसत. विद्राव्य खत म्हणजे पाणी नितळ झालं पाहिजे. फोन लावला तर उत्तर तयार, “कॅल्शियम मिसळलं असेल काका, त्यानं साका होतो.” हेही खरंच, कॅल्शियम नायट्रेट सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात मिसळलं की साका धरतो, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडायची असतात. पण मी कॅल्शियम मिसळलंच नव्हतं! आणि त्यांचं ते कॅल्शियम? खरं कॅल्शियम नायट्रेट उघडं ठेवलं की पाझरायला लागतं, पाण्यात टाकलं की बादली गार पडते. हे रात्रभर उघडं राहिलं तरी ठणठणीत कोरडं.

नंतर फिल्टर तुंबले, ड्रिपर बंद पडले, ठिबकच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, ॲसिडनं धुवाव्या लागल्या. पानांच्या कडा करपल्या. खासगी प्रयोगशाळेत 1,200 रुपये भरून गोणीतलं तपासून घेतलं. पालाश 50 टक्के छापलेलं, निघालं 2 टक्क्यांच्याही आत, बाकी बरंचसं मीठ. आपल्या क्षाराच्या रानात मीठ सोडलं मी, पैसे मोजून.

आता सरकारी दारांचं ऐका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात साहेबांनी गोणी उलटीपालटी केली आणि कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं, ‘सॉइल कंडिशनर’, म्हणजे जमीन सुधारक. म्हणाले, “हे खत नाही, त्यामुळं खत नियंत्रण आदेशात बसत नाही.” अहो साहेब, पुढच्या बाजूला हाताएवढ्या अक्षरात 0:0:50 छापलंय ते काय लॉटरीचं तिकीट आहे? 1985 चा आदेश आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, पिकाची वाढ चेतवणारी टॉनिकं, म्हणजे बायोस्टिम्युलंटसुद्धा 2021 पासून त्यात आणलेत. मग साहेबांचं दुसरं कारण. नमुना विक्रेत्याकडच्या सीलबंद साठ्यातूनच घ्यावा लागतो, शेतकऱ्याच्या फोडलेल्या गोणीतला चालत नाही. विक्रेत्याचं दुकानच नाही! जीपमध्ये दुकान होतं, ती जीप गेली. माझ्याकडं एक गोणी न फोडलेली होती, ती दाखवली, तर म्हणे जिल्ह्याला विचारून कळवतो. जिल्ह्यानं पंचायत समितीकडं बोट दाखवलं, पंचायत समितीनं परत तालुक्याकडं. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा कृषी खात्याचा विषय, त्यांचं पत्र आणा. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत. होय, मीच पाठवले, म्हणून तर तक्रार करतोय! यांना शेतकरी आठवतो तो पाहणीच्या फोटोला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक लागलेत. त्याच डाळिंबाला मीठ पाजणाऱ्याचं गाडीचं नंबरप्लेट शोधायला कुणाला सवड नाही.

‘कंपनीच माल उचलणार, बाजारापेक्षा किलोला 10 रुपये जादा’ या वायद्याचे 2,500 तर हवेतच गेले. नंबर बंद. व्यापाऱ्यानं तडकलेला माल बघून किलोला 42 रुपये सांगितले, शेजारच्या बागेला 95 मिळाले.

आणि बोरॉन कुणाच्याही सांगण्यावरून ढोसू नका, कमी पडणं आणि विषारी होणं यात फार अंतर नसतं. पालाशचा मारा केला तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचं शोषण मागं पडतं. फळाला कॅल्शियम हवं असतं ते सुरुवातीच्या वाढीत, रंग भरताना ओतून काय उपयोग? तडकणं तर बऱ्याच वेळा पाण्याच्या पाळीचं दुखणं असतं. एकदा ताण, एकदा भरमसाट पाणी, मग साल फाटणारच, तिथं किट काय करणार? विचारायचंच असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. हंगामाच्या धांदलीत तिथवर जायला सवड मिळत नाही, हेच त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं.

जीप गावात असतानाच खत निरीक्षकाला बोलवा, गेल्यावर कोणी येत नाही. विक्री परवान्याचा फोटो मागा. एक गोणी सीलबंद ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरला फोन करा, मला हे उशिरा कळलं.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तोच पिवळा ऑर्डर फॉर्म आणि तोच ‘सामू 8.1’चा रिपोर्ट ज्यांच्याकडं असेल त्यांनी झेरॉक्स काढून ठेवा आणि इथं कळवा. एकट्याची तक्रार फायलीत झोपते. मंगळवेढ्याकडं नवा बॅनर लावून एक जीप फिरतेय असं परवा पाव्हण्यांकडून ऐकलं, रंग पांढरा, मागची काच फुटलेली.