पावडर कोटिंगचे पैसे घेतले, चाकांवर मारला साधा स्प्रे

पावडर कोटिंगचे, म्हणजे कोरडी पावडर भट्टीत भाजून बसवलेल्या थराचे, पैसे घेऊन माझ्या गाडीच्या चारही अलॉय व्हीलवर साधा स्प्रे मारून दिला गेला. ज्या जखमा आधी उघड्या करून तपासायच्या, त्या पुटीखाली गाडून टाकल्या. त्यातली एक जखम म्हणजे तडा होता. नुसता रंग वाईट लागला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण चाकातला तडा झाकून गाडी रस्त्यावर सोडणं हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

फुटपाथच्या कडेला घासून रिमच्या कडा ओरखडल्या होत्या. वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, सुटत चालला होता आणि त्याच्याखाली पांढरट गंज नागमोडी रेघांनी पसरला होता. रंग मारायचा की पावडर कोटिंग करायचं, हे मी चाकं दुरुस्त करणाऱ्या दुकानात स्पष्ट विचारलं होतं. उत्तर तितकंच ठाम मिळालं : "रंग टिकत नाही साहेब, आपण पावडरच करतो, भट्टीत भाजून देतो." दर रंगापेक्षा बराच जास्त होता, तोही मी मान्य केला. चाकं परत आली तेव्हा चकचकीत होती. चांगला स्प्रे आणि चांगलं पावडर कोटिंग सुरुवातीला डोळ्यांना जवळजवळ सारखंच दिसतं, आणि फसवणाऱ्याचं सगळं त्यावरच चालतं.

पुढे पंक्चर काढताना टायरवाल्याने टायर रिमवरून उतरवला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा साहेब, टायर न काढताच रंग मारलाय." टायरची कड जिथे रिमवर बसते तिथे जुना रंग जसाच्या तसा, आणि त्याच्या काठाने मास्किंग टेपची सरळ रेघ. रिमच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी धूळ, तिच्यावर फवाऱ्याचे उडालेले ठिपके. बॅलन्सिंगचं जुनं वजनही काढलं नव्हतं, त्याच्यावरूनच रंग फिरवला होता.

एवढा पुरावा पुरेसा आहे, कारण टायर चढवलेला असताना पावडर कोटिंग होऊच शकत नाही. कोरडी पावडर गनमधून विद्युतभारित होऊन बाहेर पडते. चाकाला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून ती धातूकडे ओढली जाऊन चिकटते. मग चाक भट्टीत जातं. धातू साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पोचल्यावर त्याला तिथे १० ते २० मिनिटं ठेवतात. पावडर वितळते, तिच्यात रासायनिक बंध तयार होतात आणि सलग कडक थर बसतो. त्या उष्णतेत टायर, रबरी व्हॉल्व्ह, हवेचा दाब कळवणारा सेन्सर, यांतलं काहीही ठेवता येत नाही. सगळं उतरवावंच लागतं.

घरी थिनरमध्ये कापड बुडवून आतल्या बाजूला एका कोपऱ्यात घासलं. कापडावर चंदेरी रंग उतरला. म्हणजे टू-के रंगसुद्धा, हार्डनर मिसळून कडक होणारा, वापरला नव्हता. त्या दुकानात जाब विचारायला गेलो तर उत्तर आलं, "थिनरने कुठलाही रंग निघतो." हे साफ खोटं आहे. नीट भाजलेलं पावडर कोटिंग असं एकदोनदा पुसून निघत नाही. या चाचणीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवा : चांगला टू-के रंगही थिनरला दाद देत नाही, त्यामुळे कापड कोरं राहिलं म्हणजे पावडरच आहे असं सिद्ध होत नाही. नंतर त्यांनी जाडी मोजायचं यंत्र आणून दाखवलं. ते चुंबकावर चालणारं होतं, लोखंडी पत्र्यासाठीचं. ॲल्युमिनियमवर ते कामच करत नाही. तिथे एडी करंटवर, म्हणजे धातूत निर्माण होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहावर, चालणारं यंत्र लागतं. पावडरचा थर सहसा ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. बिलावर काय लिहिलं होतं? 'रिम फिनिशिंग, ४ नग'. पावडर हा शब्द कुठेच नव्हता, आणि त्याच्याच आधारावर त्यांनी हात वर केले.

दुसरीकडे चाकं पूर्ण उघडी करून घेतली. जुना थर निघाला तसे कडेचे पुटीचे तुकडे गळून पडले आणि एका रिमच्या आतल्या काठाला तडा दिसला. पुटी भरून वर रंग फिरवणाऱ्याला तो दिसला नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही. ते चाक बाद केलं.

पुटीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खोटं तिथेच पकडता येतं. गाडीच्या पत्र्यावर वापरतात ती साधी पॉलिएस्टर पुटी भट्टीत टिकत नाही. ती तडकते, तिच्यातून वायू सुटून थराला फोड येतात आणि वीज वाहत नसल्याने तिच्यावर पावडर नीट धरतही नाही. उष्णता सोसणाऱ्या धातुमिश्रित पुट्या असतात, पण मग समोरच्याला तिचं नाव सांगता आलं पाहिजे. "खड्डे पुटीने भरू, वर पावडर करू" इतकंच कुणी म्हणत असेल तर चाकं घेऊन परत फिरा.

रंग हा वाईट पर्याय आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. प्रायमर, रंग आणि टू-के क्लिअर नीट लावला तर तो चांगला टिकतो, छटा हवी तशी जुळवता येते आणि पुढे एका जागी ओरखडा आला तर तेवढंच दुरुस्त करता येतं. पावडर रस्त्यावरच्या दगडगोट्यांचा मार जास्त सोसते, पण निघाली की बहुधा सगळी खरवडून पुन्हा करावी लागते. डायमंड कट चाकाचं, म्हणजे यंत्रावर कापून चकचकीत केलेल्या चाकाचं, चमकतं तोंड रंगीत पावडरखाली झाकलं जातं, हेही आधी विचारात घ्या. माझा राग रंगावर नाही, रंगाला पावडर म्हणून विकण्यावर आहे.

खरी पावडर करणाऱ्यालाही एक प्रश्न विचाराच : जुना थर कसा काढता? रसायनाने किंवा ब्लास्टिंगने (बारीक कणांचा जोरदार मारा करून), असं उत्तर हवं. काही जण जाळून काढतात, तेव्हा भट्टी ४०० अंशांच्या आसपास जाते. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला ताकद उष्णता-प्रक्रियेने दिलेली असते आणि एवढ्या तापात ती कमी होते. बाहेरून काहीच कळत नाही. नट बसतात ती जागा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारा भाग मास्क करून कोरा ठेवायला सांगा. तिथे जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल पडतात. चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या.

आणि पैसे देण्याआधी, टायर चढवण्याआधी, उघड्या धातूचे फोटो मागा. बिलावर एवढे शब्द लिहून घ्या : 'टायर, व्हॉल्व्ह, सेन्सर व वजनं काढून, जुना थर पूर्ण काढून, तडे तपासून, आतून-बाहेरून पावडर कोटिंग, भट्टीत पक्कं केलेलं'. माझ्या नव्या बिलावर हे सगळं आहे.