नोंदवहीसाठी फोन: पाइनफोन की जुना पोको एफ१?

आंब्याच्या फवारण्या, पावसाआधीची शाकारणी, होमस्टेची बुकिंगं, गणपतीला येणाऱ्यांची तिकिटं. हे सगळं खिशातल्या एका यंत्रात राहावं, पण नोंदी कुठल्या कंपनीच्या खात्यात अडकू नयेत, ही अट घातली की दोनच पर्याय विचारात घेण्याजोगे उरतात.

पाइनफोन हा अँड्रॉइडऐवजी लिनक्सवर चालणारा फोन, कागदावर देखणा. २०२०चा. झाकण नखाने निघतं, बॅटरी बदलता येते, मोडेम, वायफाय, माइक आणि कॅमेरे तोडायला आत खरीखुरी बटणं आहेत, मेमरी कार्डावरून दुसरी लिनक्सही चालते. पण त्यातली ऑलविनर ए६४ चिप तेव्हाच जुनी होती. कॅलेंडर उघडेपर्यंत वहीत लिहून होतं. जिओला २जी-३जी नाहीच, सगळं बोलणं व्होल्टीवर, म्हणजे ४जी जाळ्यावरून, आणि ते या मोडेमवर हमखास चालेल असं धरू नये. वर परदेशातून मागवायचा, कस्टम भरायचं. हौसेला ठीक.

कामाला पोको एफ१ घ्यावा. २०१८चा असला तरी स्नॅपड्रॅगन ८४५ अजून दमदार आहे, बॅटरी ४००० एमएएच, मेमरी कार्डाची सोय, पाठ प्लास्टिकची. किनाऱ्यावरचा जुना फोन घेताना आधी चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारा. खाऱ्या हवेने पिना हिरवट-काळ्या पडलेल्या असतील तर नको. पोको शाओमीचाच, म्हणून विकणाऱ्याने आपलं शाओमी खातं समोर काढून द्यायला हवं, नाहीतर फोन त्याच्याच कुलपात राहतो.

खात्याशिवाय चालावा म्हणून फोनवर लिनेजओएस, म्हणजे गूगलविना चालणारं मुक्त अँड्रॉइड, घालायचं. ते घालताना बूटलोडर (दुसरी सिस्टिम बसू न देणारं फोनचं कुलूप) उघडणं हाच वेळखाऊ भाग. सिमचा डेटा चालू ठेवून खातं जोडा, मग काही दिवस थांबायला लावतात. शाओमीचं अधिकृत टूल विंडोजवर चालतं आणि अनलॉक होताना फोन पूर्ण कोरा होतो. पुढे फास्टबूटने (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या टूलने) रिकव्हरी, म्हणजे जिच्यातून लिनेजओएस बसवतात ती छोटी सिस्टिम, चढवली की लगेच आवाज वाढवायचं आणि पॉवरचं बटण धरून तिच्यातच शिरा. मधे एकदा जरी मूळ सिस्टिम सुरू झाली तरी ती आपली रिकव्हरी परत बसवते. रिकव्हरीतलं ‘फॉरमॅट डेटा’ विसरला तर जुन्या एन्क्रिप्शनमुळे फोन लोगोवरच घुटमळतो.

गूगलचं काही न घालता एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या दुकानावरून इटार (कॅलेंडर), टास्क्स (कामांची यादी), मार्कर (टिपणं) आणि सिंकथिंग-फोर्क (दोन यंत्रांतले फोल्डर जुळवणारं) घ्या. बागायतदाराला खरा उपयोग टास्क्सचा. फवारणीची पुनरावृत्ती ‘ठरलेल्या तारखेपासून’ न ठेवता ‘पूर्ण केल्यापासून’ ठेवा. अवकाळीने फवारणी चार दिवस लांबली तर पुढची आपोआप चार दिवस सरकते. कागदी कॅलेंडरात हे होत नाही. स्मरणाची घंटा उशिरा वाजत असेल तर टास्क्सचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, बहुतेकदा दोष तिथेच असतो. रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडतं, त्याची इटारमध्ये स्वतंत्र नोंद करा.

माजघरात रेंज नसली तरी अडत नाही: सिंकथिंग घरच्या वायफायवरून, इंटरनेटशिवाय, मार्करच्या टिपणांचा फोल्डर लॅपटॉपवर उतरवतो. टास्क्सचा बॅकअपही त्याच फोल्डरात टाकायला लावा. एकच टीप दोन्हीकडे बदलली तर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची जादा फाइल दिसते. ती न वाचता पुसू नये, राहिलेला मजकूर तिच्यातच असतो.

यूपीआयचा मात्र भरवसा नाही. बूटलोडर उघडा दिसला की बँकांची बरीच अ‍ॅप चालायला नकार देतात. पैशाचा फोन वेगळाच ठेवा, आणि या फोनला पिन लावायला विसरू नका.