आमच्या शाळेच्या पडद्यावर कॅनडाचे कलावंत: एनएफबीच्या फुकट फिल्मांबद्दल

एनएफबी म्हणजे नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा. तिथल्या सरकारची ही संस्था 1939 सालची. आपल्याकडे थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी लागायची, तसल्याच कामाची. 2009 पासून त्यांनी आपल्या फिल्मा स्वतःच्या वेबसाइटवर ठेवल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी फुकट बघता येतात. मी केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना चित्रकार प्रत्यक्षात काम कसं करतो, त्याचा हात कसा चालतो, हे दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. पुस्तकात तिकिटाएवढं चित्र आणि खाली जन्म-मृत्यूची सालं, बस. ती उणीव या वेबसाइटनं भरून काढली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात शब्द नसलेल्या फिल्मांपासून करा. नॉर्मन मॅकलॅरन जन्मानं स्कॉटलंडचा, पण एनएफबीतच आयुष्य काढलेला माणूस. 1949 ची त्याची 'बिगॉन डल केअर' कॅमेऱ्याशिवाय केलेली आहे. त्यानं आणि त्याची सहकारी एव्हलिन लॅम्बर्टनं फिल्मच्या पट्टीवरच रंग फासले, ओरखडे काढले, आणि पियानो वाजवला ऑस्कर पीटरसननं. पीटरसन मॉन्ट्रियलचा, जन्म 1925 चा, बाप रेल्वेत पोर्टर. लहानपणी क्षय झाला म्हणून ट्रम्पेट सुटलं आणि पियानो हाती आला; थोरली बहीण डेझी त्याला शिकवायची. पुढं जगभर नाव झालं. फिल्ममध्ये तो स्वतः कुठंच दिसत नाही, पण सूर पळाला की रंग पळतो, सूर थांबला की काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ थरथरत राहते. दुसऱ्या दिवशी मी पोरांना जुन्या एक्स-रे प्लेटा आणि कर्कटक देऊन ओरखडे काढायला बसवलं. संकल्पचित्रात वर्षभर फूल-पान-फूल-पान करणाऱ्या पोरांनी त्या दिवशी जे आकार काढले, ते मी जपून ठेवले आहेत.

मॅकलॅरनचीच 1957 ची 'अ चेअरी टेल' तर आपल्या घरचीच वाटते, कारण तिला सतार रविशंकरांची आणि तबला चतुरलालांचा. गोष्ट एवढीच: एक माणूस खुर्चीवर बसायला जातो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही. सातवीतला एक पोरगा मधेच ओरडला, "मॅडम, थे खुर्ची त्याले बसू काऊन नाई देऊन रायली?" मी उत्तर दिलं नाही. शेवटी माणूस खुर्चीला आपल्या मांडीवर बसवतो, तेव्हा त्या पोराला आपोआप कळलं.

चरित्रपटांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती केनोजुआक अशेवाकवरची, साठच्या दशकातली छोटी फिल्म. केनोजुआक इनुइट, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी; 1927 मध्ये कॅनडाच्या उत्तरेतल्या बॅफिन बेटावर, बर्फाच्या घरात जन्मली. क्षयामुळं तिला पंचविशीत घरादारापासून दूर, क्वेबेक शहराच्या दवाखान्यात काही वर्षं काढावी लागली. बाहुल्या आणि मणीकाम ती तिथं शिकली. नंतर केप डॉर्सेटला, म्हणजे आजच्या किंगाइटला, ती चित्रं काढू लागली. 1960 च्या तिच्या घुबडाच्या चित्राचे फक्त पन्नास ठसे काढले, आणि 1970 मध्ये ते कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं. फिल्ममध्ये सगळा क्रम दिसतो: ती कागदावर रेघ ओढते, दुसरा कारागीर ती दगडावर उतरवून कोरतो, मग शाई, मग पातळ जपानी कागद आणि हातानं घासून उचललेला ठसा. मुद्राचित्रण शिकवताना मी फळ्यावर कितीही खडू झिजवला तरी हे समजत नव्हतं. आता आम्ही बटाट्याचा ठसासुद्धा जरा आदरानं काढतो.

मॉड लुईसवरची 1976 ची फिल्म घरी सासूबाईंसोबत पाहिली. ही चित्रकार मॉडबाई कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली. लहानपणापासून संधिवात, बोटं वाकडी होत गेलेली. नवरा मासळी विकायचा. एका खोलीचं घर, वीज नाही, नळ नाही. त्या घराच्या भिंती, दारं, खिडकीची काच, चूलसुद्धा तिनं फुलापाखरांनी भरून टाकली आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना दोन-चार डॉलरला चित्रं विकली. सासूबाईंचीही बोटं वातानं धरलेली आहेत, तरी पोळ्याला दारासमोर त्या स्वतः रांगोळी काढतात. त्या बघत बघत म्हणाल्या, "हातं वाकडे झाले तरी बाई काढूनच रायली!" आणि लगेच, "पन तिले पैसे कितीक भेटले?" हा प्रश्न खरा आहे. मॉड 1970 मध्ये गेली. 2022 मध्ये तिचं एक चित्र साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरला लिलावात गेलं. ते घर आता हॅलिफॅक्सच्या कलादालनात उभं आहे. ही फिल्म फारच गोड आहे, दहाएक मिनिटांची. तिच्या गरिबीजवळ ती थांबत नाही. ते शिक्षकानं स्वतः सांगावं.

पियानोवादक ग्लेन गूल्डवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फिल्मा आहेत, दोन्ही 1959 च्या. एकीत तो तळ्याकाठच्या घरात कुत्र्यासोबत आहे, दुसरीत न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जुना जर्मन संगीतकार बाख याची रचना रेकॉर्ड करतो आहे. मुलं कंटाळतील, मोठ्यांनी बघाव्यात. माझे सासरे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवतात. गूल्डची ती बुटकी खुर्ची, वडिलांनी पाय कमी करून दिलेली, आणि वाजवता वाजवता त्याचं ते गुणगुणणं त्यांना लगेच पटलं. पण 1964 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्यानं लोकांसमोर वाजवणं कायमचं बंद केलं हे सांगितल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "लोकायबिगर भजन?" त्यांना ते मान्य नाही. मला मान्य आहे: 1955 मध्ये वाजवलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना त्यानं 1981 मध्ये पुन्हा, कितीतरी संथ, रेकॉर्ड केली, ती एकांत मिळाला म्हणूनच. 1977 च्या व्हॉयेजर अंतराळयानासोबत जी तबकडी गेली, तीत गूल्डचा बाख आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. हे ऐकल्यावर मात्र सासऱ्यांनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

लेनर्ड कोहेनवरची 1965 ची फिल्म कॉलेजच्या पोरांसाठी. तेव्हा तो गायक नव्हता, कवीच होता. पहिला अल्बम 1967 चा.

निवेदन इंग्रजी किंवा फ्रेंच असतं, त्यामुळं आधी स्वतः बघून, मधे थांबवत, आपल्या बोलीत सांगावं लागतं. काही फिल्मांना भाडं पडतं, तेही आधी तपासा. आमच्या भागात मोबाईलचं नेटवर्क दुपारी बसतं, म्हणून मी सकाळच्या पहिल्या तासिकेला फोनवरून प्रोजेक्टरला जोडते. चरित्रपट एका वेळी एकच लावा, आणि नंतर मुलांच्या हातात काहीतरी द्या.

ज्यांच्याकडे एवढीही सवड नाही त्यांनी ईशू पटेलची 'बीड गेम' शोधावी. हा गुजरातचा माणूस, बडोद्याला आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शिकून एनएफबीत गेला. 1977 ची ही फिल्म साडेपाच मिनिटांची, हजारो मण्यांची, इनुइट बायांच्या मणीकामावरून सुचलेली. भाषेची काहीच अडचण नाही, डेटाही थोडाच लागतो, आणि ज्या मुलींच्या आया घरी मणी ओवतात त्या स्वतःहून पुढं येऊन बसतात.