कुरणावर फवारायच्या टॉनिकात माझे 11,200 रुपये गेले

आमचं माण तालुक्यात अडीच एकर कुरण आहे, मारवेल आणि पवना गवत, त्यावर चार गाई आणि पंधरा मेंढ्या चरतात. जुलैत पाऊस बरा झाला, गवत फुटलं पण पिवळट दिसत होतं, आणि त्याच आठवड्यात एक पोरगा मोटारसायकलवर आला, गळ्यात कार्ड, बोलायला एकदम गोड. म्हणला दादा हे पानावर मारायचं खत आहे, युरियाची गोणी टाकायची गरजच नाही, एकरी दीड लिटर दोनदा मारा, चाऱ्यातलं प्रोटीन वाढतंय, पंधरा दिवसात दुधाची फॅट 3.5 वरनं 4.2 वर जाईल.

मी लगेच नाही घेतलं, म्हणलं आधी दाखव. जागा त्यानेच निवडली, गोठ्याच्या खालच्या अंगाला दहा पावलांचा पट्टा. आठ दिवसांनी बघतो तर गवत खरंच काळंभोर हिरवं आणि गुडघ्याला लागतंय, मग काय, 1,400 ला एक अशा लिटरच्या आठ बाटल्या घेतल्या. रोखच पाहिजे म्हणला, बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं.

सहा बाटल्या मारून झाल्या, त्याच्या सांगण्यावरून भर दुपारी. पानांची टोकं तेवढी करपली. डेअरीची स्लिप रोज बघत होतो, 3.5, 3.4, 3.6, तिथंच. फोन लावला तर बंद.

मग आई म्हणाली, अरे तो पट्टा गोठ्याच्या मोरीखाली आहे, गुरांचं मूत तिकडंच वाहतं, तिथलं गवत दरवर्षीच तसं असतं. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

रात्री बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. नत्र 8 टक्के. बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही. 8 टक्के म्हणजे लिटरला साधारण 80 ग्रॅम, आठ बाटल्यांचं मिळून 640 ग्रॅम. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एवढं नत्र दीड किलोपेक्षा कमी युरियात येतं, आणि 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला आहे, म्हणजे दहा रुपयाच्या आतला माल मी 11,200 ला घेतला. अडीच एकर गवत त्यावर कसं पोसणार?

पानावरची फवारणी खोटी नाही, हे पण सांगतो. जस्त, लोह थोडंच लागतं, ते पानातनं देता येतं. युरिया पण 2 टक्क्याने मारतात, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर, खर्च पंपाला दोन रुपये. पण गवताची मुख्य भूक मुळातनंच भागते, बाटलीतनं नाही.

सगळ्यात राग याचा येतो की तो म्हणला फवारलं की लगेच जनावरं सोडा, काही होत नाही. आत काय आहे माहीत नसताना ओल्या पानावर मेंढ्या सोडल्या असत्या तर? नशीब मी आठवडाभर सोडल्या नाहीत.

उरलेल्या दोन बाटल्या सीलबंद ठेवल्यात आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिलीय. कुणी घेतलं असेल तर बाटली आणि ती चिठ्ठी टाकून देऊ नका. आणि असा कुणी आलाच तर फवारायची जागा तुम्ही दाखवा, गोठ्यापासनं लांब, कुरणाच्या मधोमध, आणि शेजारी तेवढाच पट्टा नुसतं पाणी मारून ठेवायला सांगा.