काचेवरचे क्षारांचे डाग : लिंबूसत्त्व आणि सेरियम ऑक्साइड

गाडीच्या काचेवरचे पांढरे डाग घालवण्यासाठी सेरियम ऑक्साइडची, म्हणजे काचेला पॉलिश करण्याची, पूड घ्यावी, असे हल्ली जागोजागी सुचवले जाते. गुहागरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वाडीतल्या तुषार सिंचनाच्या फवाऱ्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर ही पूड मी वापरली आहे आणि तिच्याआधी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्वही वापरले आहे. पूड आपले काम चोख करते. मात्र ती घेऊ पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम लिंबूसत्त्वावरच भागेल, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे कारण असे की आपल्या किनाऱ्यावर काचेवर जमणारा प्रत्येक डाग एकाच जातीचा नसतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन बसणारा थर मुख्यतः मिठाचा असतो आणि तो साध्या पाण्याने निघतो. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याचे थेंब उन्हात वाळून जो कडा असलेला गोल डाग उरतो, तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचा असतो. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट वाळताना कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मागे राहिलेला पदार्थ पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तिसरा प्रकार पाण्यातल्या सिलिकाचा, म्हणजे काच ज्यापासून बनते त्याच द्रव्याचा, आणि त्याहून वाईट म्हणजे खुद्द काच खाल्ली गेल्याचा. अल्कधर्मी क्षार महिनोन्‌महिने काचेवर ओले-कोरडे होत राहिले, की काचेचा वरचा पापुद्रा झिजतो. तिथे पुसून काढण्याजोगे काही शिल्लक नसते.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या, जांभ्यातून झिरपणाऱ्या झऱ्याचे पाणी मृदू असते, त्यामुळे वरच्या वाड्यांतल्या मंडळींना हा त्रास फारसा जाणवत नाही. पुळणीतल्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतल्या, विहिरींचे तसे नाही. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, आणि वैशाखात उपसा वाढून पाणी मचूळ झाले की समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमही त्यात येते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी काचेवर डाग पाडणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यास चालणारे एक लिटर पाणीसुद्धा पूर्ण आटले, तर अर्ध्या ग्रॅमहून अधिक चुना मागे ठेवू शकते. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण दाखवणारा स्वस्तातला टीडीएस मीटर येथे उपयोगी पडत नाही, कारण तो साधे मीठ आणि चुना यांत भेद करत नाही.

डाग कोणता आहे हे ओळखणे सोपे आहे. काच धुऊन कोरडी करावी आणि डागावरून नख फिरवावे. खरखर लागली तर वर थर बसलेला आहे; तो चुन्याचा असेल, तर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकल्यास बारीक बुडबुडे येतात आणि थर मऊ पडतो. नख गुळगुळीत फिरत असूनही डाग दिसत असेल, तर बहुधा काच खाल्ली गेली आहे आणि आम्लाचा तिथे उपयोग नाही.

लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल. आमसुलाने पितळेची भांडी उजळणाऱ्या घरांत त्याचे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम पूड विरघळवून, ते पाणी सुती फडक्यावर घेऊन फडके काचेवर चिकटवून ठेवावे. फवारून लगेच पुसण्यापेक्षा असे भिजत ठेवणे कितीतरी अधिक परिणामकारक आहे, कारण आम्लाला वेळ हवा असतो आणि उभ्या काचेवरून द्रावण क्षणात ओघळून जाते. दहा मिनिटांनी फडके ओलसर असतानाच हलक्या हाताने चोळावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. येथे एक बारकावा आहे. चुना आणि सायट्रिक आम्ल यांपासून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळते. म्हणून द्रावण काचेवर वाळू दिले, तर एका पांढऱ्या डागाच्या जागी दुसरा पांढरा डाग मिळतो. काम सावलीत, काच थंड असताना करावे. गाडी शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर उभी करून हे करू नये, कारण तो दगडही चुन्याचाच असल्याने आम्ल त्याला तितक्याच तत्परतेने खाते. सिमेंटचे अंगणही याने खराब होते. शिरक्याचा (व्हिनेगरचा) परिणाम असाच येतो. वास मात्र गाडीभर रेंगाळतो.

माझ्या गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचा एवढ्याने स्वच्छ झाल्या. जिथे फवाऱ्याचे पाणी रोज एकाच ठिकाणी पडत होते, त्या पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात मात्र धुरकट ठिपके उरले, आणि सेरियम ऑक्साइडची खरी परीक्षा तिथे झाली.

ही पूड शुद्ध असेल तर फिकट पिवळसर पांढरी असते आणि इतर दुर्मीळ मृदा धातू मिसळलेले असतील तर गुलाबी-तपकिरी दिसते. चष्म्याची भिंगे आणि आरसे यांच्या पॉलिशसाठी ती फार पूर्वीपासून वापरात आहे. सेरियम हे मूलद्रव्य १८०३ मध्ये सापडले. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे, केरळातल्या चवऱ्याच्या मोनाझाइट वाळूतही ते असते. सेरियम ऑक्साइडच्या पुडीचे वैशिष्ट्य असे की ती केवळ घासत नाही. पाण्याच्या सान्निध्यात काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रिया होते आणि मऊ झालेला अतिसूक्ष्म थर निघून जातो. म्हणूनच तिने काचेवर नवे ओरखडे उमटत नाहीत. भांडी घासायच्या हिरव्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइड असते, जे काचेहून कितीतरी कठीण आहे. ती घासणी काचेला कधीही लावू नये. चुलीच्या राखेचेही तेच. तिच्यातल्या सिलिकाने काच चरते आणि तिच्या अल्कधर्मी गुणाने चुना हलत नाही.

पुडीत थोडे पाणी घालून पातळ लेप करावा आणि नमद्याच्या (दाबून बनवलेल्या लोकरीच्या) चकतीने, कमी वेगाच्या यंत्रावर, सतत फिरवत राहावे. हाताने घासूनही ती काम करते खरी, पण अगदी फिकट धुरकटपणापुरतीच. यंत्र एका जागी थांबवले किंवा लेप सुकू दिला, तर काच तापते, आणि पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असल्याने तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून शेजारी पाण्याची फवारणी बाटली हवीच. कडेच्या रबरांवर आणि वायपरखालच्या जाळीवर चिकटपट्टी लावून घ्यावी, नाहीतर वाळलेली पूड तिथून निघता निघत नाही. काम संथ आहे. तळहाताएवढ्या जागेलाही बराच वेळ लागतो, आणि ज्याला तेवढा संयम नाही त्याने यात पडू नये.

परिणाम मला समाधानकारक वाटला. ठिपके पूर्ण गेले नाहीत, पण रात्री महामार्ग ६६ वर समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश ज्या तऱ्हेने त्या कोपऱ्यात फाकत असे, तो फाकणे थांबले. माझ्या लेखी हा निकष दिसण्यापेक्षा महत्त्वाचा आहे; कुंभार्ली घाटात धुके असताना पुढची काच धुरकट असणे हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. त्याच कारणासाठी चालकाच्या थेट नजरेसमोरच्या भागावर यंत्राने जोर लावू नये. एकाच ठिकाणी अधिक काच निघाली तर तिथून पाहताना रस्ता किंचित लहरतो, आणि तो दोष डागाहून घातक आहे. वायपरने पडलेले, नख अडकेल इतके खोल ओरखडेही या पुडीने जात नाहीत.

गाड्या धुण्याच्या काही ठिकाणी लेबल नसलेल्या बाटलीतले ‘डाग काढायचे पाणी’ लावून क्षणात काच चकचकीत करून देतात. अशा वेळी त्यात काय आहे हे जरूर विचारावे. ॲमोनियम बायफ्लोराइडसारखी फ्लोराइडयुक्त द्रव्ये सिलिका विरघळवतात, म्हणजे डागाबरोबर काचही. आणि ती त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करतात. तिथे उघड्या हातांनी काम करणाऱ्या मुलांसाठी तरी असे काम कोणी करून घेऊ नये.

ज्यांची गाडी वर्ष-दोन वर्षे अशाच पाण्याने धुतली जात आहे, त्यांनी आधी लिंबूसत्त्वाचे पुडके आणावे. त्यानंतरही धुरकटपणा उरला आणि घरात कमी वेगाचे यंत्र असेल, तरच सेरियम ऑक्साइड मागवावे. दोन्हींनंतर काच विहिरीच्याच पाण्याने धुऊन उन्हात वाळत ठेवली, तर डाग पुन्हा येतील. धुतल्याबरोबर फडक्याने कोरडी करणे हाच त्यावर उपाय. वायपरच्या टाकीत साठवलेले पावसाचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी गाळून भरावे, कारण या दोन्हींत क्षार जवळजवळ नसतात.